एकनळी बंदूक, एकच बार : हरणासाठी काडतूस कुठलं, आणि ते घरी भरावं का?

माढेकर (धागाकर्ता), फेब्रुवारी

आधीच सांगून टाकतो, सोलापुरात कुणी शिकारीला निघालेलं नाही. प्रश्न माझ्या मावसभावाचा आहे. तो ओहायोत असतो. तिकडं परवाना काढून हरणाची शिकार रीतसर करता येते आणि येत्या हंगामात त्याला पहिल्यांदाच जायचंय. त्यानं एकनळी, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल घ्यायचं ठरवलंय. कारण विचारलं तर म्हणाला, "आज्ज्याकडं पण एकच नळी होती की."

त्याचं असं झालं की गड्ड्याच्या यात्रेला तो आला होता, तेव्हा गावच्या वाड्यात आज्ज्याची बारा बोअर काढून दाखवली. परवाना वडिलांच्या नावावर आहे. गेल्या वीस वर्षांत तिच्यातून बार निघालेला नाही. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की घरी आणायची, एवढंच तिचं काम. मग माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली आली. आत काडतुसाच्या अकरा पितळी पुंगळ्या, पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, नमद्याच्या जाड चकत्या, लाकडी ठोकणी, पितळी मापटं आणि एक वही. वहीत आज्ज्याच्या अक्षरात लिहिलंय, "काळवीट. ३ ड्रॅम. एसजी. ४० पावलांच्या आत." एसजी म्हणजे जाड छर्रे.

भाऊ खुळाच झाला ते वाचून. आता त्यालाही स्वतःची काडतुसं स्वतः भरायची आहेत. तिकडच्या दुकानदारानं काडतुसांचे तीन पर्याय सांगितलेत : ३५० लेजंड, ४५० बुशमास्टर आणि ४५-७०. कुठलं घ्यावं? आणि घरी भरण्यात खरंच काही फायदा असतो की नुसती हौस?

शेंगाचटणी

घरी दारू किती भरायची हे आमच्या गल्लीत येऊन विचारा. तीन ड्रॅमवर कुणी थांबत नाही.

नान्नजकर

विनोद चालू द्या, पण कुणी गुगलवरून भलतंच शोधत इथं येऊन पोचेल म्हणून लिहून ठेवतो. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. काळवीट आणि चिंकारा दोन्ही अनुसूची १ मध्ये. मारलं तर तीन ते सात वर्षं आत. पिकात आलं होतं, चुकून लागलं, असलं काही ऐकून घेत नाहीत.

बाकी आज्ज्यांच्या वहीतली चाळीस पावलं वाचून गंमत वाटली. आज नान्नजच्या माळावर काळवीट गाडीपासून तेवढ्याच अंतरावर उभं राहून आपल्याकडं बघत बसतं. १९७९ साली अभयारण्य झालं ते माळढोकासाठी. माळढोक आता दिसला तर बातमी होते, पण त्याच्या नावावर काळविटांचं बरं चाललंय.

करमाळ्याचा_माळ

बरं चाललंय खरं, आमच्या हरभऱ्यावर. रात्री चाळीस-पन्नासचा कळप घुसतो, घाटे खातो, वर तुडवतो ते वेगळंच. पहाटे बॅटरी मारली की नुसते डोळेच डोळे. भरपाईचा अर्ज केला तर पंचनाम्याला यायला त्यांना आठवडा लागला, तोवर मी उरलेलं काढून घेतलं होतं. मग म्हणाले, नुकसान दिसत नाही. तुमच्या भावाला म्हणावं ओहायोतली हौस इथं येऊन भागव.

नान्नजकर

@करमाळ्याचा_माळ, तुमचा राग कळतो. पण नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज गेला पाहिजे आणि पंचनामा होईपर्यंत पिकाला हात लावायचा नाही. फोटो काढून ठेवा. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी २०१५ चा शासन निर्णय आहे, वनखात्याची परवानगी घेऊन मारता येतात. हरणासाठी तसं काहीही नाही.

करमाळ्याचा_माळ

पिकाला हात लावायचा नाही म्हणे. हरणांना पण तसं सांगून ठेवा तेवढं.

कोर्टाचीपायरी

माढेकर, मला बंदुकीपेक्षा तुमच्या पेटीची काळजी वाटते. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री, दोन्ही त्यात बसतात. बनवण्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. वडिलांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नव्हे. आज्ज्याची आठवण म्हणून वही ठेवा, खुशाल फ्रेम करा. पुंगळ्या आणि ठोकणी घेऊन मात्र एकदा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जा आणि ठाण्यात काय कळवायचं ते विचारून घ्या. आणि कृपा करून त्या पुंगळ्यांचे फोटो इथं टाकू नका.

माढेकर

टाकणारच होतो! थांबलो. धन्यवाद वकीलसाहेब.

लेथवाला

माझं वर्कशॉप अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. बंदुका दुरुस्त करत नाही, पण नळी म्हणजे शेवटी दाब सोसणारा पाइप, तेवढं कळतं. वडिलांना शिकारीचा नाद होता, त्यामुळं थोडं घरातही बघितलंय.

माढेकर, वहीतला तो 'ड्रॅम' शब्द फार घातकी आहे. भावाला आधी ते सांगा. ड्रॅम हे काळ्या दारूचं माप. तीन ड्रॅम म्हणजे साधारण ८२ ग्रेन, सव्वापाच ग्रॅम. काळी दारू वजनाच्या मानानं कमी जोराची, म्हणून भरपूर लागते, म्हणून तुमच्या पेटीतलं मापटं एवढं मोठं आहे. पुढं बिनधुराची नायट्रो दारू आली. ती तेवढंच काम कितीतरी कमी वजनात करते. पण गिऱ्हाइकाला कळावं म्हणून कंपन्या खोक्यावर 'तीन ड्रॅमच्या बरोबरीचं' असं छापत राहिल्या. अर्थ एवढाच, की तीन ड्रॅम काळ्या दारूइतका वेग मिळेल. आत तीन ड्रॅम दारू आहे असा नाही. त्या मापट्यानं कुणी आजची दारू भरून बार काढला तर नळी फुलासारखी उमलेल, आणि बोटं मोजायला दुसऱ्याला बोलवावं लागेल.

दुसरं, पुढची लाकडी मूठ काढून नळीच्या खालच्या अंगाला काय कोरलंय ते वाचून सांगता का?

माढेकर

वडिलांना काढायला लावली. दोन मुकुटांसारखे शिक्के आहेत. आणि चक्क इंग्रजीत लिहिलंय, 'नॉट फॉर बॉल'. म्हणजे क्रिकेट खेळायचं नाही का?

लेथवाला

वा! जुनी विलायती आहे मग, बहुधा बर्मिंगहॅमची, १९ व्या शतकाच्या शेवटची. 'नॉट फॉर बॉल' म्हणजे नळीचं तोंड आत किंचित आवळलेलं आहे, चोक म्हणतात त्याला. छर्रे घट्ट जावेत म्हणून. मापाची एकच गोळी घातली तर ती तोंडाशी अडकेल, म्हणून तशी ताकीद. बारा बोअर म्हणजे एका पौंडात बारा गोळ्या बसतील एवढं तोंड, साडेअठरा मिलिमीटर. आवळल्यावर त्याहून कमी.

त्या काळच्या शिक्क्यांचा अर्थ असा, की चाचणी काळ्या दारूवर झालीय. त्यात तिचं घर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बहुधा ६५ मिलिमीटरचं असणार आणि आजची काडतुसं ७० ची. ती आत जातात, तिथंच फसगत होते. काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडायला पुढं जागा राहत नाही आणि दाब चढतो. वडिलांना सांगा, खडकीचं शक्तिमान काडतूससुद्धा हिच्यात घालू नका. बाईसाहेब निवृत्त झाल्या असं समजा.

आठवणीतला

मी ७८ वर्षांचा. बार्शी तालुक्यातला. लेथवाले, तुमचं वाचून हात आपोआप मापट्यावर गेला बघा.

आमच्याकडं दिवाळी झाल्यावर थोरले काका ओसरीवर काडतुसं भरत. पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, मापट्यानं दारू घालायची, मापटं बोटानं सपाट करायचं, हलवायचं नाही. मग पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर चरबी लावलेली नमद्याची, ती ठोकणीनं हळू हळू दाबत न्यायची. काका डोळे मिटून दाबायचे. हाताला कळतं म्हणायचे. मग छर्रे, पातळ चकती आणि कडेनं मेण. माझं काम मेण वितळवायचं, तेही अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. दारूजवळ विस्तव आणला तर थोबाडीत बसायची. एकदा बसलीय.

बंदूक एकनळीच. दुसरं काडतूस डाव्या हाताच्या करंगळीजवळ धरलेलं असायचं, पण ते वापरलेलं मी बघितलं नाही. काळ्या दारूचा धूर एवढा की बार काढल्यावर समोर काही दिसतच नसे. आम्ही पोरं बाजूला पळून बघायचो, पडलं का उधळलं. घरी आल्यावर जेवणाआधी उकळतं पाणी नळीत ओतायचं. राहिलं तर सकाळी आत तांबडा गंज.

१९७२ नंतर बंद झालं. तेच दुष्काळाचं साल. काकांनी स्वतः नेऊन बंदूक जमा केली. मला वाईट वाटलं नाही. शेवटी शेवटी माळावर हरणं राहिलीच नव्हती, जीपवाल्यांनी रात्री दिवे मारून मारून साफ केली होती. काका त्यांना शिकारी म्हणत नसत. काय म्हणत ते इथं लिहिता येणार नाही.

शेंगाचटणी

काका, लिहा की. सोलापूरच्या धाग्यावर शिवीला कोण हरकत घेतंय बे.

एरीकाठचा

मूळचा पंढरपूरचा, आता ओहायोतच, क्लीव्हलंडजवळ. नऊ वर्षं हरणाच्या हंगामाला जातोय. मुद्द्यावर येऊ का?

हेच तीन पर्याय का, ते आधी. ओहायोत हरणासाठी कुठलीही रायफल चालत नाही. बाटलीसारखी मान असलेली काडतुसं, म्हणजे ३०८, ३०-०६ वगैरे, तिथं बाद. वस्ती दाट, बरीच जमीन सपाट, गोळी लांब जाते. पूर्वी लांब नळीच्या बंदुकांत फक्त छर्ऱ्याच्या आणि ठासणीच्या चालायच्या. २०१४ पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे पेल्यासारख्या सरळ पुंगळीच्या काडतुसांना परवानगी मिळाली. त्यानंतर स्वस्त एकनळी रायफली घरोघरी झाल्या. ३५० लेजंड तर २०१९ मध्ये असल्या राज्यांसाठीच काढलं.

माझं मत ३५० लेजंड. दणका कमी. साधारण १५० ग्रेनची गोळी, दीडशे यार्डांपर्यंत पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरे. ४५० बुशमास्टर एकनळीच्या हलक्या रायफलीतून झाडलं की खांदा दोन दिवस आठवण काढतो. नवशिक्याला एकदा दणक्याची भीती बसली की तो चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. एकच बार असताना हे परवडत नाही.

ट्रॅपडोअर

३५० ला इतकं डोक्यावर घेऊ नका. ४५-७० ची मजा वेगळी आहे. १८७३ साली अमेरिकन सैन्यानं घेतलं तेच मुळी एकबारी रायफलीसाठी. ४५ म्हणजे गोळीची जाडी, इंचाचे शंभर भाग धरून, आणि ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू. म्हणजे माढेकरांच्या आज्ज्यांचा बार आणि हा बार एकाच घराण्यातले.

हुतात्माचौक

मला वाटलं ४५-७० हे उशीच्या अभ्र्याचं माप असेल. चाटी गल्लीत विचारणार होतो.

एरीकाठचा

@ट्रॅपडोअर, घराणं मान्य. पण १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० वर ती जड गोळी फूटभराहून जास्त खाली येते. अंतराचा अंदाज चुकला की हरणाचा पाय मोडून ते रानात जातं.

ट्रॅपडोअर

मग २०० वर मारायचंच कशाला? चाळीस पावलं वाचलं ना वर?

एरीकाठचा

चाळीस पावलं जमली तर मी धनुष्यबाण घेऊन जाईन हो! हंगामाच्या दुसऱ्या दिवशी हरणं इतकी बिथरलेली असतात की शेताच्या पलीकडच्या कडेनंच निघतात.

लेथवाला

दोघांच्या भांडणात घरी भरायचा प्रश्न राहिला. तिथं ट्रॅपडोअरांचा मुद्दा जास्त वजनदार आहे असं मला वाटतं.

४५-७० च्या रायफली दीडशे वर्षं बनतायत. जुन्या फार नाजूक, नव्या दणकट. कुणी पणजोबाच्या रायफलीत घातलं तर फुटू नये म्हणून बाजारातली साधी काडतुसं मुद्दाम मवाळ ठेवतात. म्हणून भरण्याच्या पुस्तकांत या एकाच काडतुसाचे तीन वेगळे तक्ते असतात : ट्रॅपडोअरसाठी, म्हणजे सैन्याच्या त्या जुन्या एकबारीसाठी, सौम्य, खालचा दांडा ओढून काडतूस बदलणाऱ्या मजबूत लिव्हरवाल्यांसाठी मध्यम आणि रुगर नंबर वनसारख्या भक्कम एकबारींसाठी कडक. पुंगळी तीच, गोळी तीच, पान चुकलं की खेळ खलास. भावानं हे घेतलं तर रायफल बनवणारी कंपनी कुठल्या तक्त्यात बसवते ते लेखी बघायचं. बंदूक नवी आहे म्हणजे कडक चालेल, हे गृहीत धरायचं नाही.

३५० मध्ये भरून फारसं हाती लागत नाही, तयार काडतूसच चांगलं आणि स्वस्त. वर एक खोच आहे. ४५-७० च्या बुडाला ताटलीसारखी कड असते, ती नळीच्या मागच्या काठावर टेकते. ३५० आणि ४५० ला ती कड नाही, ते पुंगळीच्या तोंडावर टेकून उभं राहतं. म्हणजे गोळी पकडायला तोंड जास्त आत वळवलं तर टेकायला काही उरत नाही आणि काडतूस खोल जातं. पुंगळीची लांबीही नेमकी लागते. हे बारीक काम आहे, पहिल्या वर्षाचं नव्हे.

ट्रॅपडोअर

अगदी. आणि एकनळीचा एक फायदा कुणीच लिहिला नाही. लिव्हरच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपतात. टोकदार गोळी घातली तर तिचं टोक पुढच्याच्या टोपीवर टेकतं, दणक्यानं आतच बार होऊ शकतो. म्हणून तिथं बहुतेक चपट्या नाकाची गोळी लागते. एकनळीला मॅगझिनच नाही. टोकदार घाला, लांब घाला, नळीचं घर मानेल ते.

टेक्सासची_सून

माहेर सात रस्ता. इथं हिल कंट्रीत एका रँचवर गेलो होतो, तर कुंपणाआड काळवीट! मी गाडीतून ओरडले, "अहो, नान्नज!" नवऱ्याला काही कळेना. १९३२ साली इकडं आणून सोडली म्हणे, आता हजारोंनी आहेत. पैसे भरून शिकार करतात, दर शिंगांच्या लांबीवर. मला बघवलं नाही. तिथल्या माणसानं विचारलं, तुमच्याकडं याला काय म्हणतात? सांगितलं. त्याला 'ळ' काही जमला नाही.

करमाळ्याचा_माळ

त्यांना विचारा आमच्याकडची पण नेता का. ट्रकभाडं मी देतो.

माढेकर

मंडळी, भावाला सगळं वाचून दाखवलं, मराठी बोलतो पण वाचायला कंटाळतो. ड्रॅमचं ऐकून तो गप्प झाला. नंतर कबूल केलं की वहीच्या पानाचा फोटो काढून नेला होता आणि 'त्याच मापानं एखादं करून बघू' असं मनात होतं. मावशीला हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पेटीचं काम झालं. वडील आणि मी शस्त्रविक्रेत्याकडं गेलो, त्यांनी पुंगळ्या, टोप्यांची गंजकी डबी वगैरे नोंद करून ठेवून घेतलं आणि अर्ज लिहून दिला. वही घरी आहे.

कोर्टाचीपायरी

शाब्बास. अर्जाची पोच जपून ठेवा.

माढेकर, डिसेंबर

धागा वर काढतोय. भावानं शेवटी ३५० लेजंडच घेतली, काडतुसं दुकानातली. भरण्याचं सामान घेतलं नाही. उन्हाळाभर रेंजवर जाऊन एकाच प्रकारच्या काडतुसांचं खोकं वारंवार आणून झाडलं. एका प्रकारच्या गोळीवर नेम बसला की प्रकार बदलायचा नाही, हे एरीकाठच्यांनी खासगी निरोपात सांगितलं होतं.

परवा हंगामाचा दुसरा दिवस. पहाटे अंधारात जाऊन बसला, हातमोज्यातून रायफलीचा घोडा नीट ओढता येत नव्हता म्हणून उजवा मोजा काढून ठेवला, बोटं बधिर. साडेआठला एक मादी आली, ऐंशी यार्डांवर, पण समोरून तोंड करून. हा थांबला. ती वळेल, खांद्यामागची जागा दिसेल म्हणून. ती वळली ती थेट झाडीतच. परत आली नाही. दिवसभरात बार काढलाच नाही.

मी म्हटलं, समोरून मारायची होतीस की. तर म्हणाला, आज्ज्याच्या वहीची बाकीची पानं नीट बघ. मी काल बघितली. काळविटाच्या नोंदी सतरा आहेत. त्यातल्या अकरांपुढं लिहिलंय, 'बार काढला नाही'.

आठवणीतला

माढेकर, त्या अकरांत तारखा आहेत का? आणि गावं? असतील तर टंकून टाका. बार्शीकडचा माळ असेल तर मी सांगतो कुठला.

माढेकर

आहेत काका. 'पानगाव शिवार' दोनदा आलंय. रविवारी बसून टंकतो.